पान पचवायला इतकं आम्ल कशाला?

सोयाबीन पिवळं पडलं की आपल्याकडे शेतकरी पान खुडतो आणि थेट कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ठेवतो. दुकानदार पान उलटंपालटं करून पाहतो, ‘मायक्रोन्यूट्रिएंट मारा’ म्हणतो आणि फवारणीच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या ‘ग्रेड टू’ मिश्रणाची बाटली नाहीतर एखाद्या चिलेटेड मिश्रणाचा पुडा पुढे सरकवतो. पान पिवळं पडायला लोहाची कमतरता कारण असेल, जस्ताची असेल, मुळाशी पाणी साचलं असेल किंवा पिवळा मोझॅक आला असेल. उपाय मात्र सगळ्यांना तोच. हे थांबवायचं तर पानाची तपासणी स्वस्तात, वेळेत आणि जवळपास व्हायला हवी, यावर कुणाचं दुमत नाही. मग ती होत का नाही? पैसा नाही, माणसं नाहीत, यंत्र बंद आहे, ही नेहमीची उत्तरं. ती खोटी नाहीत. पण एका कारणाबद्दल कुणीच बोलत नाही. पानाचा नमुना यंत्रासमोर नेण्याआधी तो आपण ज्या रीतीने आम्लात विरघळवतो, ती रीतच जुनी आहे, धोक्याची आहे, वेळखाऊ आहे आणि पुष्कळदा गरजेपेक्षा फार कडक आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. मराठवाड्यातल्या सरकारी, विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी वनस्पतींच्या नमुन्यांसाठी पर्क्लोरिक आम्ल वापरणं बंद करावं. आणि त्याच्या जागी लाखोंचं नवं यंत्र मागण्याआधी, आपल्याला नेमकं काय मोजायचंय ते ठरवावं.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पानं धुवायची, ६५ ते ७० अंशांवर ओव्हनमध्ये वाळवायची, दळायची. त्यातलं अर्धा-एक ग्रॅम पीठ शंकूपात्रात घेऊन त्यावर संहत, म्हणजे पाणी न मिसळलेलं तीव्र, नायट्रिक आम्ल ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी नायट्रिक आणि पर्क्लोरिक यांचं ९:४ मिश्रण घालून पात्र हॉट प्लेटवर चढवायचं. आधी तपकिरी धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइडचा. तो सरला की पांढरा दाट धूर सुरू होतो. तळाशी दोन-तीन मिलिलिटर पाण्यासारखा स्वच्छ द्राव उरला की ‘डायजेशन’ झालं. मग गाळायचं, ठरावीक आकारमानाला आणायचं आणि एएएसवर, म्हणजे अणुशोषण वर्णपटमापीवर, जस्त, लोह, मंगल (मँगनीज), तांबं मोजायचं.

हे काम चालतं ती खोली एकदा बघावी. एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांच्या कडा आम्लाने कुरतडलेल्या, हॉट प्लेटच्या पत्र्याचे पापुद्रे सुटलेले, खिडकीची कडी हात लावला तर हातात येईल अशी. फ्युम हूड, म्हणजे धूर बाहेर ओढणारं काचेच्या दाराचं कपाट, असलाच तर त्याची काच वर अडकलेली, कारण खाली ओढली तर पात्र हलवता येत नाही. प्रयोगशाळा परिचर तोंडाला रुमाल बांधून पात्रं फिरवतोय आणि पदव्युत्तरची मुलं दाराशी उभी राहून ‘सर, झालं का?’ विचारताहेत. प्रबंधात हे सगळं एका वाक्यात बसतं: नमुन्यांचे द्विआम्ल पचन केले.

पर्क्लोरिक आम्लाबद्दल पाठ्यपुस्तकात दोन ओळींचा इशारा असतो. ते दोन ओळींचं प्रकरण नाही. थंड असताना हे आम्ल बऱ्यापैकी शांत असतं. गरम आणि संहत झालं, आणि समोर सेंद्रिय पदार्थ शिल्लक असला, की ते स्फोटक होतं. म्हणूनच आधी नायट्रिकने सहज जळणारं सगळं जाळून घ्यायचं आणि पात्र कधीही कोरडं पडू द्यायचं नाही, हा नियम आहे. त्याची वाफ हूडच्या धुराड्यात जाऊन बसते, तिथे पर्क्लोरेटचे क्षार साठतात, आणि पुढे कधीतरी दुरुस्तीसाठी कुणी पाना-हातोडी घेऊन ते धुराडं ठोकतं तेव्हा त्याचा हिशोब होऊ शकतो. म्हणून या आम्लासाठी आतून पाण्याने धुता येणारा वेगळा हूड लागतो. आपल्याकडच्या किती महाविद्यालयांत तो आहे, हे ज्याने त्याने आपल्या प्रयोगशाळेत जाऊन पाहावं. फेब्रुवारी १९४७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये धातू चमकवण्याच्या कारखान्यात पर्क्लोरिक आम्लाच्या मिश्रणाचा स्फोट झाला, त्यात १७ माणसं गेली. ते मिश्रण वेगळं होतं, प्रमाण प्रचंड होतं. आपल्या शंकूपात्राशी त्याची थेट तुलना करणं बरोबर नाही. पण रसायन तेच आहे, आणि हॉट प्लेटशेजारी उभा असणारा माणूस बहुधा रोजंदारीवरचा असतो.

मराठवाड्यात ही गोष्ट आणखी टोचायला हवी, कारण आपली पिकं तेलाची. सोयाबीन, भुईमूग, करडई, सरकी. लातूरला गळीतधान्य संशोधन केंद्र आहे ते उगीच नाही. पानापेक्षा दाणा तपासताना धोका वाढतो, कारण स्निग्ध पदार्थ नायट्रिकला पटकन दाद देत नाही आणि न जळलेलं तेल पर्क्लोरिकपर्यंत पोहोचू शकतं. म्हणजे ज्या नमुन्यांसाठी हे आम्ल सर्वात घातक, तेच नमुने आपल्याकडे ढिगाने येतात.

आता आम्लाचा आणि पाण्याचा हिशोब. रात्रभर भिजवायला आणि नंतर मिश्रणाला मिळून एका नमुन्यामागे १५ ते २० मिलिलिटर संहत आम्ल सहज लागतं. चाळीस नमुन्यांची एक खेप धरली तर ६०० ते ८०० मिलिलिटर. यातलं बरंचसं धूर होऊन छतावरून बाहेर जातं, उरलेलं धुण्याच्या पाण्याबरोबर बेसिनमध्ये. पर्क्लोरेट पाण्यात विरघळतं, सहजासहजी मोडत नाही आणि थायरॉइडला आयोडीन घ्यायला अडथळा करतं, हे काही गुपित नाही. एका प्रयोगशाळेतून किती जाईल, थोडंच जाईल. पण ज्या संस्था शेतकऱ्याला ‘औषधाचा डबा ओढ्यात धुऊ नका’ सांगतात, त्यांच्या बेसिनचा पाइप कुठे जातो हे विचारायला हरकत नसावी.

पाण्याचं तर विचारूच नका. इतक्या आम्लाने पचवलेला द्राव पातळ करायला, पात्रं खंगाळायला, कोरे नमुने (पान न घालता फक्त आम्लाचे) चालवायला ऊर्ध्वपातित पाणी लागतं, आणि काचेच्या ऊर्ध्वपातन संचात एक लिटर शुद्ध पाणी मिळवायला थंडाव्यासाठी त्याच्या कित्येक पट नळाचं पाणी वाहून जातं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. ज्या प्रदेशाने हे पाहिलंय तिथल्या प्रयोगशाळेत कंडेन्सरचं पाणी दिवसभर मोरीत सोडलेलं असतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही, हे मला जास्त खटकतं.

रसायनशास्त्रात या सगळ्यावर विचार झालेला नाही असं नाही. हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं १९९८ मध्ये मांडली गेली. विश्लेषणाच्या कामाला ती जशीच्या तशी बसत नाहीत म्हणून २०१३ मध्ये खास त्यासाठी बारा तत्त्वं आली, आणि २०२२ मध्ये तर फक्त नमुना तयार करण्याच्या टप्प्याला गुण देणारं ‘ॲग्रीप्रेप’ नावाचं साधन आलं. नमुना किती घेतला, रसायन किती आणि किती घातक, कचरा किती, वीज किती, काम करणाऱ्याला धोका किती, हे सगळं त्यात धरलं जातं. म्हणजे नुसत्या सद्भावनेवर न थांबता पद्धतींची तुलना आकड्यात करता येते. आपल्याकडच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात याचा शिरकाव व्हायला काहीच अडचण नाही.

पण ‘हरित’ म्हटलं की आपल्याकडे लगेच मायक्रोवेव्ह डायजेस्टरचा प्रस्ताव तयार होतो. यंत्र वाईट नाही, उलट उत्तम आहे. बंद भांड्यात आम्ल उघड्या हवेतल्या उत्कलनबिंदूच्या कितीतरी वर, १८० ते २०० अंशांपर्यंत नेता येतं, म्हणून पर्क्लोरिकची गरजच उरत नाही. नायट्रिक आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड पुरतं. त्याहून मजेची गोष्ट ब्राझीलमधल्या संशोधकांनी बारकाईने तपासली: नायट्रिक संहत असण्याचीसुद्धा गरज नाही. पानाशी झालेल्या अभिक्रियेतून नायट्रिक ऑक्साइड वायू वर येतो, भांड्यातल्या मोकळ्या जागेतला ऑक्सिजन त्याचं नायट्रोजन डायऑक्साइड करतो, आणि तो पुन्हा द्रावात उतरून नायट्रिक होतो. आम्ल जणू स्वतःला परत घडवतं. त्यामुळे दोन मोलर तीव्रतेचं ७ मिलिलिटर आम्ल पुरू शकतं. त्यात खरं नायट्रिक संहत आम्लाच्या जेमतेम एका मिलिलिटरएवढं. कुठे १५-२० आणि कुठे एक!

तरीही हे यंत्र प्रत्येक जिल्ह्यात घ्या असं मी म्हणणार नाही. त्याची भांडी ठरावीक वापरानंतर बदलावी लागतात आणि ती महाग असतात. दुरुस्तीचा माणूस पुण्या-मुंबईहून येतो, तोही करार चालू असेल तर. मधेच लाइट गेली की खेप वाया. एका वेळी भांडी मोजकीच. आपल्याकडे यंत्राच्या उद्घाटनाचा फोटो भिंतीवर असतो आणि यंत्रावर कापड असतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी असं एक यंत्र पूर्ण क्षमतेने चालणं आणि बाकीच्यांनी संदर्भाचे नमुने तिथे पाठवणं, एवढं पुरेसं आहे. बाकीच्यांचं काम त्याहून साध्या मार्गाने होतं. मुळात कशासाठी मोजतोय, ते मात्र आधी विचारावं लागतं.

लोह घ्या. मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत सोयाबीन, भुईमूग, ऊस, मोसंबी यांच्यावर लोहाची कमतरता दिसते; शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. आता हे पिवळं पान द्विआम्लात पूर्ण पचवून एकूण लोह मोजलं तर काय दिसतं? पुष्कळदा हिरव्या पानाइतकंच, कधी त्याहून जास्तही. लोह पानात असतं, पण झाडाच्या कामाचं नसतं. म्हणजे स्फोटक आम्ल वापरून, दोन दिवस घालवून आपण जो आकडा काढतो तो शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तरच देत नाही! कामाचं, म्हणजे फेरस स्वरूपातलं सक्रिय लोह मोजायची पद्धत कात्याल आणि शर्मा यांनी १९८० मध्ये दिली. ताजं पान धुऊन बारीक कापायचं, दीड टक्का ऑर्थो-फिनॅन्थ्रोलिनच्या ३ सामू असलेल्या द्रावणात १६ तास ठेवायचं, गाळायचं आणि नारिंगी-लाल रंग ५१० नॅनोमीटरवर वाचायचा. हॉट प्लेट नाही, धूर नाही, एएएससुद्धा नाही. साधा कलरीमीटर चालतो. फिनॅन्थ्रोलिन काही अमृत नव्हे, ते विषारीच आहे आणि त्याचं सांडपाणी वेगळं ठेवावं लागतं. शिवाय पान ताजंच लागतं, म्हणजे नमुना त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. पण ही पद्धत देशात चाळीसहून जास्त वर्षं हाताशी असताना चाचणीच्या अहवालात एकूण लोह छापत राहणं म्हणजे ताप आलेल्या माणसाचं वजन करून पाठवण्यासारखं आहे.

एकूण लोहाच्या आकड्यावर माझा अविश्वास असण्याचं दुसरं कारण धूळ. काळी माती बेसाल्टपासून झालेली, तिच्यात लोह वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास सहज असतं. पान नीट न धुता हजार भाग पानाबरोबर दोन भाग धूळ दळली गेली, तर किलोमागे १०० मिलिग्रॅम लोह निव्वळ धुळीचं आलं. निरोगी पानातलं सगळं लोह बहुतेक पिकांत किलोमागे ५० ते २५० मिलिग्रॅमच्या घरात असतं. म्हणजे अहवाल पूर्ण उलटा होऊ शकतो. आणि आम्ल जितकं कडक, तितकी धुळीतली लोहखनिजंही जास्त विरघळणार. पान आधी सौम्य साबणाच्या पाण्याने, मग अगदी विरळ हायड्रोक्लोरिकने आणि शेवटी शुद्ध पाण्याने भराभर धुणं, ताजं असतानाच धुणं, हे काम कुठल्याही यंत्राहून जास्त अचूकता देतं. ते कुणी शिकवत नाही, कारण त्याला टेंडर लागत नाही.

जस्त आणि मंगल यांची गोष्ट आणखी सोपी. ही मूलद्रव्यं पानात अशी घट्ट बांधलेली नसतात की सगळं पान जाळल्याशिवाय बाहेरच येणार नाहीत. बारीक दळलेलं पीठ एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात हलवून किंवा काच धुण्याच्या अल्ट्रासोनिक बाथमध्ये अर्धा तास ठेवून गाळलं तर ती बऱ्याच पिकांत जवळपास पूर्ण उतरतात. तांब्याचं आणि लोहाचं तसं खात्रीने सांगता येत नाही, पीक बदललं की टक्केवारी बदलते. तिथे पूर्ण पचनच करावं. आणि पूर्ण पचन म्हणजे पर्क्लोरिकच असंही नाही. जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत मफल फर्नेस, म्हणजे राख करायची विजेची भट्टी, आहे. ५०० अंशांच्या आसपास पीठाची राख करायची, ती विरळ आम्लात विरघळवायची. वीज खाते हे कबूल. ज्वारी, ऊस, भात यांच्या पानात सिलिका जास्त असल्याने राखेत थोडं अडकून राहतं, हेही कबूल. पण सोयाबीन, तूर, कापूस, मोसंबी यांच्या पानांना ती रीत चांगली लागू पडते. बोरॉनला तर राखच बरी. उघड्या आम्लपचनात ते अंशतः उडून जातं, आणि बोरोसिलिकेट काचेतून उलट मिसळतंही.

दाण्यातल्या जस्त-लोहाचा प्रश्न वेगळा, आणि तो आपल्या अभिमानाचा आहे. जास्त लोह-जस्ताची ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी २०१८ मध्ये परभणीच्या याच विद्यापीठातून आली, इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साथीने. लोहसमृद्ध बाजरीचं ‘एएचबी १२००’ हे वाण संभाजीनगरच्या केंद्राचं. अशा वाणासाठी पैदासकाराला हजारो कणसं चाळावी लागतात. एकेक दाणा आम्लात पचवत बसलो असतो तर पिढी गेली असती. पटनचेरूच्या इक्रिसॅटमध्ये हे चाळण एक्स-रे फ्लुओरेसन्सवर, म्हणजे क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर, होतं: धान्य भांड्यात ठेवायचं, दोनेक मिनिटांत आकडा, आणि तेच धान्य पुन्हा पेरताही येतं. आम्ल शून्य. निवडलेल्या थोड्या नमुन्यांचं तेवढं पचन करून खात्री करायची. पानातलं तांबं किलोमागे पाच-दहा मिलिग्रॅम असतं, तिथे हे यंत्र डगमगतं. पण दाण्यातल्या जस्त-लोहाला ते पुरून उरतं.

या सगळ्यावर एक आक्षेप मला वजनदार वाटतो. कमतरतेच्या मर्यादा जुन्या पद्धतीच्या आकड्यांवर ठरलेल्या आहेत. पद्धत बदलली तर पन्नास वर्षांची आकडेवारी तुटेल. बरोबर आहे. विद्यापीठाची स्थापना १९७२ ची, तेव्हापासूनचे प्रबंध कपाटात आहेत, ते फेकायचे नाहीत. पण त्यावर उपाय जुनं आम्ल चालू ठेवणं हा नाही. एकाच पिठाचे भाग करून जुन्या आणि नव्या रीतीने मोजायचे, सोबत प्रमाणित संदर्भ पान चालवायचं. अमेरिकेच्या मानक संस्थेची सफरचंदाची, पीचची, टोमॅटोची पानं त्यासाठी बाटलीत मिळतात, अनेक मूलद्रव्यांचे खात्रीचे आकडे देऊन. फरक किती ते कळलं की मर्यादा त्या हिशोबाने सरकवता येते. प्रयोगशाळांच्या मानांकनाचं आयएसओ १७०२५ सुद्धा पडताळून दाखवलेल्या पद्धतीला नाही म्हणत नाही. ‘नियमात बसत नाही’ हे उत्तर म्हणून चालणार नाही.

दुसरा आक्षेप परीक्षकांचा: मुलाने द्विआम्ल पचन केलं नाही तर तोंडी परीक्षेत विचारतील. विचारू द्या. उत्तर देता येईल इतकं शिकवलं की झालं.

वेळेचा मुद्दा मला शेवटी सर्वात मोठा वाटतो. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीचा द्राक्षबागायतदार देठ तपासायला देतो तेव्हा त्याच्याकडे दिवस मोजके असतात. एप्रिल छाटणीनंतर साधारण ४५ व्या दिवशीचा पाचव्या पानाचा देठ, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ. अहवाल तीन आठवड्यांनी आला तर तो फाइलला लावायच्या कामाचा. आम्लपचनाला दोन दिवस लागतात हे खरं कारण नाही. खरं कारण असं की ते काम इतकं त्रासाचं आहे की नमुने साचेपर्यंत कुणी सुरूच करत नाही. अर्ध्या तासाचा अर्क असेल तर पाच नमुने आले तरी लावता येतात.

म्हणून मागणी मोठी नाही. येत्या खरिपात सोयाबीन फुलोऱ्यात असताना वरचं पूर्ण उघडलेलं पान, आणि त्याच हंगामात कापूस व मोसंबीचं पान, असे नमुने विद्यापीठाने घ्यावेत. द्विआम्ल, राख आणि सौम्य अर्क अशा तिन्ही रीतींनी ते मोजावेत आणि निकाल कृषी विज्ञान केंद्रांना व महाविद्यालयांना मराठीत पाठवावेत. पुढच्या वर्षीच्या रसायनांच्या यादीतून पर्क्लोरिक काढावं, अहवालावर पचनाची पद्धत छापावी. कपाटात उरलेल्या बाटल्या मात्र ‘संपवून टाकू’ म्हणून वापरू नयेत आणि बेसिनमध्ये तर ओतूच नयेत. त्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे जायला हव्यात. असं केंद्र पुणे जिल्ह्यात रांजणगावला आहे, आणि वाहतुकीचा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा हे आत्ताच विचारून ठेवलेलं बरं.